अपघातग्रस्त गाडीची रास्त किंमत कशी काढावी?

प्रश्न : सहा वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी एक छोटी मोटार घेण्याचा माझा विचार आहे. अपघातात तिच्या पुढच्या उजव्या बाजूला मार बसला असून मालकांनी ती दुरुस्त न करता तशीच ठेवली आहे. सुस्थितीतील अशीच गाडी आमच्याकडे साधारण 4 लाखांना विकली जाते. दुरुस्तीला 40 हजार लागतील असे सांगून मालक 3 लाख 25 हजार मागतात. विमा पॉलिसीवर आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) 3 लाख 40 हजार असल्यामुळे आपली मागणी रास्तच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ही किंमत द्यावी का? — एक वाचक, कराड

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून ही मागणी मला बरीच चढी वाटते. आयडीव्हीचा आधार तर सोडूनच द्यावा. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती भरपाई देईल, एवढेच तो आकडा सांगतो, आणि पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी तो कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरतो. मार बसलेल्या गाडीच्या आजच्या बाजारभावाशी त्याचा संबंध नाही.

किंमत ठरवण्याआधी मार कुठपर्यंत पोहोचला आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. बंपर, बॉनेट, हेडलाइट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा बाहेरचा पत्रा) हे भाग बोल्टने बसवलेले असतात, त्यामुळे ते बदलता येतात आणि त्यांचा खर्च आधी सांगता येतो. त्यामागचे एप्रन (बॉनेटखाली चाकाच्या बाजूचा आतला पत्रा), चासीचे पुढचे दांडे आणि दरवाजाचा पिलर मात्र वेल्डिंगने जोडलेले असतात. ते वाकले असतील तर सांगाड्याचे माप बिघडते, चाकांचे अलाइनमेंट टिकत नाही आणि पुढच्या अपघातात गाडी माणसांना अपेक्षित संरक्षण देईलच याची खात्री राहत नाही. म्हणून बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन शेजारी शेजारी ताडून पाहावे. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे ठरावीक अंतरावर असतात, तर हाताने केलेल्या वेल्डिंगची रेघ ओबडधोबड दिसते. फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल, तर तो भाग याआधीही कधीतरी खोलला गेला आहे असे समजावे.

एअरबॅग उघडली होती का, हे स्पष्ट विचारावे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागलाच नाही, तर मुद्दाम बंद केलेला असण्याची शक्यता असते. उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. तिच्यासोबत सीटबेल्ट, कंट्रोल युनिट आणि बऱ्याचदा डॅशबोर्डही बदलावा लागत असल्याने 40 हजारांचा अंदाज तिथेच कोलमडतो.

दुरुस्तीचे एस्टिमेट मालकांच्या नव्हे, आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडून लेखी घ्यावे. समजा, त्याने 80 हजार सांगितले. गाडी खोलल्यावर रेडिएटर किंवा सस्पेन्शनचा एखादा दडलेला बिघाड निघतोच, म्हणून त्यावर आणखी 20 हजार धरावेत. टोइंग, नावबदल आणि नवा विमा यांसाठी 15 हजार धरले, तरी हिशेब पुरा होत नाही, कारण उत्तम दुरुस्त केलेली गाडीसुद्धा उद्या विकताना अपघाती म्हणूनच ओळखली जाते. केवळ बोल्टचे भाग बदलले असतील, तर त्यासाठी मी निदान दहा टक्के, म्हणजे 40 हजार वजा करतो. मालकांनी सांगितलेल्या हिशेबात या वजावटीचा उल्लेख नाही. 4 लाखांतून हे सारे वजा जाता 2 लाख 45 हजार उरतात. सांगाडा शाबूत असेल, तर त्यापुढे जाऊ नये. सांगाडा वाकलेला असेल, तर कितीही स्वस्तात मिळाली तरी कुटुंबासाठी ही गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालकांनी विम्याचा दावा केला का, नसेल तर का नाही, हाही प्रश्न विचारावा. त्यांच्याकडे केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळतच नाही आणि त्यांचे वागणे समजण्यासारखे आहे. परंतु सर्वसमावेशक पॉलिसी असूनही दावा झाला नसेल, तर कारण लेखी मागावे. दावा झाला असेल, तर कंपनीने गाडी पूर्ण निकामी ठरवून पैसे दिले आहेत का, हे कंपनीकडूनच तपासून घ्यावे. तसे असेल तर आपण गाडी नव्हे, भंगार विकत घेत आहात आणि भावही भंगाराचाच लावावा. मागील पॉलिसीवरील नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत) पाहिल्यास आधीच्या दाव्यांचा अंदाज येतो, मात्र रोखीने केलेल्या दुरुस्त्या त्यात दिसत नाहीत.

सौदा ठरल्यास नावबदलाच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या घ्याव्यात, कर्ज असेल तर बँकेची एनओसी व कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म 35 मागावा आणि थकीत ई-चलन भरून घ्यावे. विसार देताना पावतीवर दिसणाऱ्या नुकसानीचे वर्णन व सांगितलेली कारणे लिहून दोघांनी सही करावी, आणि ताबा घेतल्याची तारीख व वेळही नोंदवावी; त्याआधीच्या अपघाताची जबाबदारी आपल्यावर ढकलली जाण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.