‘पोरगं अंगच धरत नाही’

"मॅडम, कितीबी खाऊ घाला, पोरगं अंगच धरत नाही." विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी येतंच. सांगली तालमींचा मुलूख. इथं बारीक पोराला ‘काडीपैलवान’ ही पदवी न मागता मिळते. त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

मिरजेचा 26 वर्षांचा मुलगा, तंतुवाद्यांच्या कारखान्यात कामाला. दोन स्थळांकडून ‘मुलगा बारीक आहे’ असा निरोप आलेला. मे महिन्याचं ऊन, आणि हा शर्टाच्या आत दोन बनियन घालून बसलेला. मी पंखा वाढवायला उठले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सवय झालीय."

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हा माझा नियमच आहे. वजन आपोआप उतरत असेल, सोबत बारीक ताप नाहीतर खोकला असेल, तर क्षयरोग, थायरॉइड, साखर तपासायलाच हवी. याचं सगळं नीट निघालं. उंची 168 सेंटिमीटर, वजन 54 किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) 19.1. मोठ्या माणसाचा बीएमआय 18.5 च्या खाली गेला तर वजन कमी धरतात. आकडा सांगितला, ढिम्म फरक नाही. मग मी खाशाबा जाधव काढले. शेजारच्या साताऱ्यातल्या गोळेश्वरचे, 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक, तेही 57 किलोच्या गटात!

"ते पैलवान होते, मॅडम."

बरोबरच होतं त्याचं. दाखल्यांनी मन वळत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी. शब्द टोचत नाही, आपण त्याला लावलेला अर्थ टोचतो, असं मानणारी. तिसऱ्या भेटीत वजनाचा विषय सोडून दिला आणि कामाचं विचारलं. गडी खुलला. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस किती हलकी फिरवायची, तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा केसभर सरकला की सूर कसा उघडतो, हे बोटांनी हवेतच दाखवायला लागला.

"हे जवारीचं काम लई बारीक असतंय. कुणालाबी जमत नाही."

"कसं असतं?"

"बारीक."

मी गप्प. (खरं सांगते, त्या दिवशीचं माझं सगळं कौशल्य त्या गप्प बसण्यात होतं.) तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि एकदम हसत सुटला.

मग शब्दच उलगडत बसलो. आजी ‘बारीक झालास रे’ म्हणते, तेव्हा ती जेवलास का विचारत असते. मालक नव्या पोरांना सांगतात, याची नजर बारीक आहे. फारसीतून आलेला हा शब्द मुळातच नाजूक, सूक्ष्म हेही अर्थ बाळगून आहे. "दुबळा हा अर्थ त्या पावण्यांचा," तो म्हणाला, "आणि मी तो दोन बनियनखाली झाकतोय."

अशा आयांना माझं सांगणं असतं, पाहुण्यांपुढं ‘खातच नाही हो’ नको, आणि डॉक्टरांना न विचारता पावडरचे डबेही नकोत. व्यायाम करू दे, पण ताकदीसाठी. पोरगं चारचौघांत जायचं टाळत असेल, जेवणावरून चिडत असेल, तर मात्र वेळ काढू नका.

याच्या आईला महिनाभर त्याच्या अंगावरून बोलू नका म्हटलं होतं. आठ दिवस जमलं त्यांना. जूनमध्ये तो एकटाच आला. बसता बसता म्हणाला, "पंखा कमी करा की, मॅडम. आज एकच हाय."