भाच्याने विचारलं, ‘कसं वाटलं मावशी?’

प्रश्न : माझा भाचा आणि त्याचा पार्टनर (घरात आता सगळ्यांना माहितीये) मिळून परफॉर्मन्स, व्हिडिओ असलं काहीतरी करतात. परवा वाशीला एका छोट्या हॉलमधे बघायला गेले. दोघं खाली पेपर पसरून चाळीस मिनिटं मटार सोलत बसले, एक अक्षर बोलले नाहीत, आणि मागे भिंतीवर व्हिडिओ, ठाणे-वाशी लोकलच्या सीटवर फक्त दोघांचे हात, गाडी सुटली की धरलेले, रबाळे आलं की सोडलेले, घणसोलीला परत तेच. नंतर भाच्याने विचारलं, "कसं वाटलं मावशी?" मी म्हटलं छान. पण खरं सांगू का, काही कळलंच नाही. मटार तर मी पण सोलते, यात कला कसली?
– एक मावशी, नेरूळ

उत्तर : मावशी, कळलं नाही म्हणताय आणि रबाळे-घणसोली सकट सगळं लक्षात आहे की तुमच्या!

असं काम जोडीने करणारे बरेच आहेत. एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट म्हणून एक जोडी आहे, एक डेन्मार्कचा कविता लिहिणारा, दुसरा नॉर्वेचा नाटकातला, कोपनहेगनला भेटले, प्रेमात पडले आणि कामाला लागले. १९९७ मधे त्यांनी काय केलं तर गॅलरीच्या भिंतीला पांढरा रंग द्यायचा, मग पाण्याने धुवून टाकायचा, परत द्यायचा, असं सलग १२ तास. तिथेही कोणीतरी म्हणालंच असेल, रंग तर आमचा पेंटर पण देतो. (पुढे कपल म्हणून ते वेगळे झाले, पण काम अजून एकत्रच करतात, हे मला फार आवडतं.)

बर्लिनमधे नाझींनी छळलेल्या समलिंगी लोकांचं स्मारक आहे, २००८ चं, तेही यांचंच. बाहेरून नुसता काँक्रीटचा मोठा ठोकळा. त्याला एक छोटी खिडकी, जवळ जाऊन डोकावलं तर आत व्हिडिओ चालू, दोन पुरुष किस करतायत. रस्त्यावरून जाता जाता दिसत नाही, मुद्दाम जावं लागतं. बायका कुठायत यात, म्हणून तेव्हा भांडण पण झालं, मग फिल्म अधूनमधून बदलायची ठरलं.

आता भाच्याकडे या. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं संमतीने असलेलं नातं गुन्हा नाही, लग्नाला मान्यता मात्र २०२३ मधे नाही म्हणाले. म्हणजे पोलिसांची भीती गेली, पण डब्यात चढणाऱ्या माणसाची नाही गेली ना, म्हणून स्टेशन आलं की हात सुटतो. आणि मटार? तुम्ही आणि काका समोरासमोर बसून सोलता तेव्हा कोणी वर मान करून बघत पण नाही. त्या दोघांना तेवढंच हवंय, आणि त्यासाठी त्यांना हॉल भाड्याने घ्यावा लागला.

व्हिडिओ मला जास्त आवडला असता, चाळीस मिनिटं मटार म्हणजे जरा लांबलंच, तेही सांगा त्याला, रागावणार नाही तो. "छान" नका म्हणू, फोन करून सांगा की रबाळेला हात सुटला तेव्हा मी बघत होते. आणि एवढे सोललेले मटार नेले कोणी तेही विचारा, मला कधीचा तोच प्रश्न पडलाय.