कॉकपिटमधील नवे पडदे कोकणच्या पावसाला पुरे पडतील का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: कॉकपिटमधील पडद्यांवर सध्या कोणते संशोधन चालू आहे, आणि त्यामुळे पावसाळ्यात कोकणातील विमाने रद्द होणे थांबेल का. मी विमानांतील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या देखभालीत काम केले असून आता रत्नागिरीत राहतो. दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की हे प्रमाण काहीसे कमी होईल, परंतु ज्या तंत्राची सर्वांत जास्त जाहिरात होते त्या तंत्रामुळे नव्हे.

पडदा स्वतः आता संशोधनाचा मुख्य विषय उरलेला नाही. 1982 साली सेवेत आलेल्या बोइंग 767 मध्ये पिक्चर ट्यूबचे पडदे होते, 1995 च्या 777 मध्ये सपाट एलसीडी आले आणि 2019 पासून एअरबस ए350 मध्ये टचस्क्रीनही मिळू लागले. विमान हादरत असताना बोट नेमक्या जागी कसे पडावे यावर बरेच प्रयोग होतात; ते आवश्यक आहेत, पण मला त्यांचे फारसे अप्रूप नाही.

काचेबाहेर काहीच दिसत नसताना वैमानिकाला काय दाखवायचे, हा खरा प्रश्न आहे. नासाच्या एक्स-59 या प्रायोगिक विमानाला तर समोरची खिडकीच नाही; वैमानिक कॅमेऱ्यांचे चित्र पडद्यावर पाहून ते उडवतो. प्रवासी विमानांसाठी मात्र दोन मार्ग आहेत. पहिल्यात विमानाच्या नाकावर इन्फ्रारेड कॅमेरा बसवून त्याचे चित्र वैमानिकाच्या डोळ्यांसमोरील पारदर्शक काचेवर, म्हणजे हेड-अप डिस्प्लेवर उमटवतात. (तेजसचा असा डिस्प्ले चंदीगडच्या सीएसआयओ या आपल्याच प्रयोगशाळेने विकसित केला.) एटीआर या पंख्यांच्या लहान प्रवासी विमानांसाठी याच कामाचा डोळ्यांवर घालायचा चष्मा तयार झाला आणि इंग्लिश खाडीतील गर्नसी बेटाच्या विमान कंपनीने तो तिथल्या धुक्यासाठी घेतला.

धुक्यासाठी, हे इथे महत्त्वाचे आहे. धुक्याचे थेंब अतिशय सूक्ष्म असल्यामुळे इन्फ्रारेड किरण त्यातून कधी कधी डोळ्यांपेक्षा दूरवर पाहू शकतात. आषाढातल्या सरींचे थेंब मात्र इतके मोठे असतात की दृश्य प्रकाश आणि इन्फ्रारेड या दोघांचीही सारखीच अडवणूक होते. मिलिमीटर लहरींचे रडार धुके सहज भेदते, पण मुसळधार पावसात त्याचीही ताकद घटते. शिवाय जुने इन्फ्रारेड कॅमेरे धावपट्टीच्या दिव्यांची उष्णता टिपत असत, आणि आता सगळीकडे येणारे एलईडी दिवे फारशी उष्णता बाहेर टाकत नाहीत. म्हणून नव्या कॅमेऱ्यांत दृश्य प्रकाशाचा संवेदकही घालावा लागला.

दुसरा मार्ग, सिंथेटिक व्हिजन, काहीच पाहत नाही. साठवलेला भूप्रदेशाचा नकाशा आणि विमानाचे स्थान यांवरून संगणक सह्याद्रीचे कडे, सडे (खडकाळ पठारे) आणि धावपट्टी यांचे चित्र रंगवतो, त्यामुळे पावसाचा त्यावर परिणाम होत नाही. मात्र स्थान चुकले तर चित्रही तितक्याच ठामपणे चुकते, आणि 2023 पासून पश्चिम आशियात विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळू लागल्याने ही भीती कल्पनेतली राहिलेली नाही. चुकीची माहिती बेमालूम दाखवणारा बिघाड एक अब्ज उड्डाण-तासांत एकदाही अपेक्षित नसावा, अशी मुख्य पडद्यांकडून अपेक्षा असते. नवे तंत्र कॉकपिटमध्ये यायला वर्षे लागतात ती यामुळे.

कोकणाच्या दृष्टीने मला सर्वांत उपयोगी वाटते ती इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची गगन प्रणाली. ती जीपीएसमधील त्रुटी उपग्रहाद्वारे दुरुस्त करते, त्यामुळे जमिनीवर आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांनी उतरण्याची वाट दाखवणारी यंत्रणा, नसलेल्या लहान विमानतळावरही विमानाला उताराची अचूक वाट मिळते. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचे एटीआर राजस्थानातील किशनगडला असे उतरले. अशा वाटेने साधारण 75 मीटर उंचीपर्यंत येता येते, पण त्या उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. ढग त्याहूनही खाली टेकला असेल, तर सिंथेटिक चित्र कितीही सुबक असले तरी विमान परत फिरणार.

आणि धावपट्टी दिसली म्हणजे काम झाले असेही नाही. 7 ऑगस्ट 2020 रोजी याच किनाऱ्यावर दक्षिणेला, कोळिकोडच्या पठारी विमानतळावर, पावसात आणि पाठीमागून वारा असताना उतरणारे विमान 2700 मीटरच्या धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले आणि पुढे दरीत कोसळून 21 जणांचा मृत्यू झाला. विमान उरलेल्या अंतरात थांबणार नाही, असा इशारा उतरतानाच देणारी प्रणाली एअरबसने 2009 साली प्रथम ए380 वर आणली. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळासारख्या सड्यावर येणाऱ्या प्रत्येक विमानात मला कॅमेऱ्याआधी ती हवी आहे. धावपट्टी किती निसरडी आहे हे त्या गणितात अजून बरेचसे गृहीत धरावे लागते. आधी उतरलेल्या विमानाच्या ब्रेकच्या नोंदींवरून ते काढून मागून येणाऱ्यांना कळवण्याची पद्धत आता कुठे वापरात येऊ लागली आहे.