खुब्याचा गोळा : बदलावा की वाचवावा?

प्रश्न : माझी ७८ वर्षांची आई ओट्यावरून उतरताना पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडून सरकले. डॉक्टर गोळा बदलायला सांगतात. गेल्या वर्षी माझ्या ३४ वर्षांच्या मावसभावाचे मोटारसायकलच्या अपघातात हेच हाड मोडले, तेव्हा मात्र स्क्रूवर भागले. नातेवाईक म्हणतात, या वयात ऑपरेशन नको, पायाला वजन बांधून घरीच ठेवा. काय करावे?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मुख्यतः त्याच्या मानेला, म्हणजे गोळ्याखालच्या अरुंद भागाला, लगटून वर जातात, मान मोडून तुकडे सरकले की त्या तुटतात आणि गोळा निर्जीव होण्याची भीती असते. अस्थिशल्यविशारद गार्डन यांनी १९६१ मध्ये केलेले या मोडीचे चार प्रकार या सरकण्यावरच आधारलेले आहेत. पहिल्या दोहोंत, म्हणजे हाड फारसे सरकलेले नसताना, म्हाताऱ्या माणसालाही बहुधा स्क्रू चालतात. तिसऱ्या-चौथ्या प्रकारात, ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सुटून पुन्हा ऑपरेशनची पाळी येऊ नये म्हणून, उतारवयात गोळा बदलणे श्रेयस्कर ठरते. मानेच्या खाली मोडले असते तर रक्तपुरवठा शाबूत राहिला असता आणि रॉड किंवा धातूच्या पट्टीने काम झाले असते.

तरुणाचा कृत्रिम सांधा पुढे झिजणार, म्हणून त्याचा स्वतःचा गोळा वाचवण्याची धडपड करतात. त्याला आघात मोठा बसलेला असतो, भेग बहुधा उभी असते आणि अस्थितज्ज्ञ पॉवेल्स यांच्या वर्गीकरणानुसार भेगेचा कोन जितका उभा, तितके तुकडे घसरण्याचे भय अधिक. त्यामुळे हाड लवकर आणि अचूक बसवावे लागते. मावसभावाला जांघेत दुखू लागल्यास पुन्हा एक्स-रे काढावा, कारण गोळा वर्ष-दोन वर्षांनीही खचू शकतो.

वजन बांधून अंथरुणाला खिळवणे हाच या वयात मोठा धोका आहे : पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. चोळणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नये. रक्तदाब, साखर यांच्या तपासण्या तातडीने उरकून शक्यतो ३६ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास आधीच सांगावे. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात, तेव्हा घरच्यांनी मायेपोटी अडवू नये. साध्या पडण्याने खुबा मोडला, म्हणजे हाडे ठिसूळ झाली आहेत. तेव्हा घरी सोडताना त्यावरचे औषध डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्यावे.