क्रूझवर दम्याच्या रुग्णासाठी केबिन कुठली घ्यावी? आणि बाल्कनीत सिगारेट चालते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ, आईवडील एकाच केबिनमध्ये, आईंना दमा, वडिलांना दिवसाला पाच-सहा सिगारेटी लागतात, आणि एजंट म्हणतोय, "बाल्कनीवाली केबिन घ्या, काका तिथेच ओढतील." एजंटचं हे म्हणणं चुकीचं आहे. त्यावर विसंबून जादा पैसे भरू नका. बाल्कनी घ्यायचीच असेल तर ती आईंसाठी घ्या.

बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांत आता केबिनमध्येही सिगारेट चालत नाही आणि बाल्कनीतही नाही. प्रिन्सेसने 2012 मध्ये बंदी घातली, डिस्नेने 2013 च्या नोव्हेंबरात बाल्कन्या बंद केल्या, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलने 2014 मध्ये. बाल्कनी केबिनचाच भाग धरली जाते, त्यामुळे "दार लावून बाहेर ओढली" हा बचाव चालत नाही. पकडलं गेल्यास रॉयल कॅरिबियनवर 250 डॉलर आणि कार्निव्हलवर 500 डॉलर थेट तुमच्या खात्यावर पडतात. ई-सिगारेटलाही हाच नियम. काही युरोपीय जहाजांवर बाल्कनीत अजून मुभा आहे, पण मग शेजाऱ्यालाही ती असते. दम्याचा माणूस सोबत असताना अशी जहाजं टाळलेलीच बरी.

ही बंदी निव्वळ वासापायी आलेली नाही. 23 मार्च 2006 च्या पहाटे जमैकाकडे निघालेल्या 'स्टार प्रिन्सेस' जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली. टाकून दिलेलं सिगारेटचं थोटुक हे त्याचं सर्वांत संभाव्य कारण तपासात पुढे आलं. बाल्कन्यांमधल्या आडभिंती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या होत्या, खुर्च्याही प्लास्टिकच्या, आणि बाल्कनीत आग विझवायचे पाण्याचे फवारे नव्हते. वाऱ्याने आग एका बाल्कनीतून दुसरीत, मग वरच्या डेकवर चढत गेली. धुराने एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर बाल्कन्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. वडिलांना हे सांगा. थोटुक समुद्रात भिरकावलं तर वाऱ्याने ते खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत येऊन पडू शकतं, आणि समुद्रात पडलं तरी तो गुन्हाच.

आता केबिनची जागा. आधी धूर कुठून येतो ते पाहू. जहाजावर सिगारेट ओढायच्या जागा साधारण दोन प्रकारच्या असतात: उघड्या डेकवरचा एखादा कोपरा आणि कॅसिनोचा काही भाग. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर उघड्या डेकवरची ही जागा सहसा एकाच अंगाला असते, डाव्या की उजव्या ते जहाजानुसार बदलतं. डावं-उजवं नेहमी जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून ठरतं, किनाऱ्याकडे पाहून नव्हे. म्हणून अशा जहाजावर आईंसाठी त्या जागेच्या विरुद्ध बाजूची केबिन घ्या. शिवाय जहाज पुढे जातं तेव्हा वारा मागे वाहतो, आणि त्यासोबत धूरही. त्यामुळे सिगारेटच्या कोपऱ्याच्या मागच्या बाजूला खाली असलेल्या बाल्कन्यांना वास लागू शकतो, पुढच्यांना क्वचितच. अगदी मागच्या टोकाच्या बाल्कन्या दिसायला सुंदर असतात, पण चिमणीची काजळी कधीकधी तिथेच उतरते. दम्यासाठी त्या मी सुचवणार नाही.

कॅसिनोची भानगड वेगळी. तो सहसा खालच्या मजल्यांवर आणि बऱ्याचदा मधल्या उंच चौकाला लागून असतो. वास जिन्यांतून आणि चौकातून वर चढतो. म्हणून कॅसिनोच्या लगेच वरच्या मजल्यावर, चौकाच्या आसपास केबिन नको. दोन-तीन मजले वर गेलं की फरक पडतो.

हे सगळं डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर तपासायचं. कंपनीच्या साइटवर जहाजाच्या नावाने तो मिळतो. केबिन नंबरचे पहिले एक-दोन आकडे मजल्याचे असतात. तुमचा मजला उघडा, केबिनची जागा बोटाने धरा, आणि त्याच जागी वरचा व खालचा मजला पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर भल्या पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज डोक्यावर, वर बुफे असेल तर ट्रॉल्यांची खडखड, खाली नाट्यगृह असेल तर रात्री साडेदहापर्यंत ढोल. प्लॅनवर पांढरे, नाव नसलेले चौकोन दिसतात त्यांच्याकडे लक्ष द्या: तिथे स्वयंपाकघर, यंत्रं किंवा कर्मचाऱ्यांची वर्दळ असते. दोन केबिनमध्ये जोडदरवाजा असल्याची छोटी खूणही असते. अशा दारातून शेजारच्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, वासही झिरपतो. ती टाळा. लिफ्टपासून पाच-सहा केबिन सोडून घेतलेली बरी. आईंना फार चालावं लागत नाही आणि रात्रीची गर्दीही दारात येत नाही.

बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मधोमध आणि जमेल तितकी खाली, हा नियम. सी-सॉची फळी टोकांना जास्त हलते आणि मध्ये कमी, तसंच जहाजाचं. उंचीवर आडवे हेलकावे वाढतात. पुढच्या टोकाला बंदरात शिरताना थ्रस्टरची (जहाज आडवं सरकवणाऱ्या यंत्राची) घरघर आणि नांगराच्या साखळीचा आवाज येतो, मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर. तुमचा प्रवास मलाक्काच्या सामुद्रधुनीतून असेल तर तिथलं पाणी दोन्हीकडून आडोशाचं, एरवी शांत. म्हणून तुमच्यासाठी मी हेलकाव्यांपेक्षा धूर आणि आवाज यांनाच महत्त्व देईन: मधला भाग, सिगारेटच्या कोपऱ्याच्या विरुद्ध बाजू, वर-खाली केबिन, कॅसिनोपासून तीन मजले दूर.

एक अट मात्र पाळावी लागेल. 'गॅरंटी' दराने बुक करू नका. त्यात केबिनचा प्रकार नक्की असतो, नंबर कंपनी ठरवते, आणि मग वरची सगळी तपासणी वाया जाते. टूर कंपनीच्या ग्रुपमधून जात असाल तर पूर्ण पैसे भरण्याआधी केबिन नंबर किंवा निदान मजला आणि बाजू लेखी मागा. दम्याची नोंदही बुकिंगच्या वेळीच करून घ्या.

वडिलांसाठी: सिगारेटच्या ठरलेल्या जागा डेक प्लॅनवर किंवा कंपनीच्या नियमांत दिलेल्या असतात. चढल्या दिवशीच त्या दाखवून ठेवा. ओढून झाल्यावर लगेच केबिनमध्ये जाऊ नये, दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर फिरावं, हात धुवावेत, आणि ओढताना घातलेला शर्ट किंवा जाकीट आईंच्या पलंगापासून लांब ठेवावं. बंद, छोट्या केबिनमध्ये कपड्यांचा वासही दमेकऱ्याला त्रास देऊ शकतो.

एवढं करूनही शेजारच्या बाल्कनीतून धूर आला तर आपलं दार लावून घ्या आणि त्याच क्षणी रिसेप्शनला फोन करा. सकाळी तक्रार केली तर कुणाला पकडणार? केबिनचा नंबर, बाजू आणि वेळ सांगा. केबिनमध्येच जुना वास मुरलेला असेल तर सामान उघडण्याआधी सांगा. जहाज भरलेलं असलं तर दुसरी केबिन मिळणार नाही, पण हवा शुद्ध करायचं यंत्र लावून द्या असा आग्रह धरता येतो.

सिंगापूरचे कायदे जहाजावर चढण्याआधीच लागू होतात. तिथे एकाही सिगारेटला ड्युटीची सवलत नाही. मुंबईहून पाकीट नेलं तर चांगी विमानतळावर कस्टम्सच्या रेड चॅनलमध्ये जाऊन जाहीर करावं लागतं. ई-सिगारेट नुसती जवळ बाळगणंही 2018 पासून गुन्हा आहे, आणि खाण्याची तंबाखू नेताच येत नाही. खिशात चुना-तंबाखूची पुडी राहिली नाही ना, हे घरून निघतानाच पाहा. उदबत्ती, कापूर, निरांजन, प्रवासी इस्त्री, पाणी तापवायचा रॉड हेही जहाजावर चालत नाही, तपासणीत काढून घेतात.

आईंचा इनहेलर, त्याला जोडायची नळी (स्पेसर) आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. बंदरावर दिलेल्या बॅगा केबिनच्या दारात पोहोचायला कधीकधी संध्याकाळ होते. आणि जहाजावरचा दवाखाना महाग असतो, तेव्हा प्रवास विम्यात दमा आधीपासून असलेला आजार म्हणून जाहीर केलेला आहे ना, हे तपासून घ्या.