हात फडफडवणाऱ्या मुलाला थांबवण्याआधी
ऑटिझम (स्वमग्नता) असलेले मूल हात फडफडवते, गोल फिरते किंवा एकच आवाज पुन्हापुन्हा काढते, तेव्हा त्याचे हात धरण्यापूर्वी, त्याच्या थोडे आधी काय घडले होते हे तुम्ही काही दिवस टिपून ठेवावे. आनंद, भीती, गोंगाट, प्रखर उजेड किंवा नुसता कंटाळा, कारण कोणतेही असू शकते, आणि बहुधा त्या हालचालीतूनच मूल स्वतःला सावरत असते. नातेवाइकांना ते विचित्र दिसते, हे काही थांबवण्याचे कारण नव्हे. मात्र डोके आपटणे, स्वतःला चावणे असे प्रकार अचानक सुरू झाले, तर कान, दात किंवा पोट दुखत नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. न बोलणाऱ्या मुलाची वेदना अनेकदा अशीच बाहेर पडते. दुखणे नसेल, तर चावण्यासाठी सुरक्षित पर्याय ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (मुलाला रोजची कामे आणि हालचाली जमाव्यात यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या) सल्ल्याने निवडावा.