हातोडा आपटून ५०० फुटांवरचं पाणी दिसत नाही

प्रश्न (पुरंदर तालुका): अंजिराच्या बागेतली विहीर मार्चमध्येच तळ गाठते. बोअरवाल्याने आणलेल्या माणसाने हातोडा आपटून मशीनवर पाहिलं आणि ५०० फुटांवर पाणी सांगितलं. बोअर घ्यावं का?

उत्तर: घेऊ नका. हातोड्याने जमिनीत कंपाची लहर उठते आणि तारेने जोडलेल्या खुंट्या ती किती वेळात पोचली ते टिपतात. त्या खुंट्यांची रांग किती लांब होती ते आठवा. या पद्धतीत रांगेच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकंच खोल कळतं. ४० मीटर रांग म्हणजे जेमतेम ३० फूट. मग ५०० फूट आले कुठून? बोअरवाल्याच्या दरपत्रकातून.

शास्त्र खरं आहे. कोरड्या मुरमातून लहर सावकाश जाते. तोच मुरूम पाण्याने भरला की सेकंदाला सुमारे १५०० मीटरने पळते. पण आपल्याकडे काळ्या कातळाखाली सच्छिद्र थर असतो, पाणी बहुधा तिथेच. वर वेगवान कातळ आणि खाली मंद थर असला, की हातोड्याची ही पद्धत खालचा थर दाखवतच नाही. हे तुम्हाला कुठलाही एजंट सांगणार नाही.

लहरींचा खरा उपयोग बदल ओळखायला. नॉर्वेजवळ स्लाइप्नर या वायूक्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखालच्या खडकात कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो कुठवर पसरला हे पुन्हा पुन्हा लहरी सोडून, आधीच्या चित्राशी ताडून पाहतात. तुम्हीही पाहणी केलीत तर दोनदा करा: मे अखेर आणि ऑक्टोबरात. खुंट्या त्याच जागी, अंतर तेच, शेजारची मोटार बंद. नुकत्याच पडलेल्या पावसावर केलेली पाहणी फुकट. वरची ओल पाहून एजंट पाणी लागलं म्हणतो आणि तुम्ही उचल घेता. एकदाच केलेल्या पाहणीवर तर बोअर घेऊच नका. पुन्हा सांगतो, घेऊच नका.

६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल गेलात तर २००९ च्या राज्य भूजल कायद्याची बंधनं आहेत, तीही तो सांगणार नाही. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पुणे कार्यालयात विचारा.

त्याआधी फुकटचं काम करा. विहिरीत दोरी सोडा, दर पंधरा दिवसांनी, सकाळी मोटार लावायच्या आधी पातळी मोजा, वहीत लिहा. माझ्याकडे आलेल्या बोअरच्या निम्म्या तक्रारी या वहीवरच मिटतात. जानेवारीतच पातळी झपाट्याने उतरत असेल तर उपसा कमी करा, बागेला आच्छादन आणि ठिबक. ठिबकाच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करा. बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.